पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

मुळशी तालुक्यातील सूस गावातून टेकडी ओलांडून पाषाणला उतरले की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा परिसर लागतो. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. गाव आणि प्रयोगशाळा आता एकाच शहरात आहेत. तथापि या दोहोंमधील एक अंतर मात्र अद्याप मिटलेले नाही, आणि ते भाषेचे आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेत 'इलेक्ट्रॉन संरूपण' शिकविले जाते. के, एल, एम, एन ही कवचे. त्यांची धारकता अनुक्रमे २, ८, १८, ३२. सोडियमचे संरूपण २, ८, १. येथपर्यंत सारे सुरळीत चालते. मग अणुअंक १९ असलेले पोटॅशियम येते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावत असताना त्याचे संरूपण २, ८, ९ न होता २, ८, ८, १ असे का व्हावे? चौकस विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतोच, आणि बहुधा 'ते पुढे कळेल' असे सांगून त्याची बोळवण होते. 'पुढे' म्हणजे अकरावीत, आणि अकरावीची विज्ञानशाखा इंग्रजीतून. प्रश्न मराठीत पडलेला, उत्तर मात्र परभाषेत!

हे उत्तर मुळात युरोपलाही एकदम सापडले नव्हते. बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनचे वर्णन एकाच पूर्णांकाने केले. सोमरफेल्डने १९१५-१६ च्या सुमारास कक्षेच्या आकारासाठी दुसरा आणि तिच्या दिशेसाठी तिसरा अंक आणला. १९२४ मध्ये स्टोनरने कवचांतील इलेक्ट्रॉनांची अधिक नेमकी वाटणी सुचविली. १९२५ मध्ये पाउलीने दोनच मूल्ये असणारा चौथा अंक मांडला आणि नियम घातला, की एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असणार नाहीत. २, ८, १८, ३२ ही पाठ केलेली संख्यामाला या एका निषेधातून निघते.

पोटॅशियमचे कोडे सुटते ते दुसऱ्या अंकामुळे. चौथ्या कवचातील 'एस' कक्षकातला इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्रकाच्या अगदी निकट आढळू शकतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचे आवरण भेदून त्याला केंद्रकाचे आकर्षण अधिक जाणवते. तिसऱ्या कवचातील 'डी' कक्षकाला ही सोय नाही. म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसरे कवच अपुरे ठेवून चौथ्यात जातो. हे सांगायला मराठी अपुरी पडली, असे मला तरी वाटत नाही.

शब्द नव्हते, हेही खरे नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ मध्ये सुरू झाले, तेव्हा पाउलीचा नियम अवघा तीन वर्षांचा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये निघाला, पहिल्या खंडाच्या तीन वर्षे आधी. आधी शब्द ठरवू, मग लिहू, हा क्रम मला फार उमदा वाटतो. विश्वकोशाने 'क्वांटम'ला 'पुंज' म्हटले. लॅटिन शब्दात 'किती' हा प्रश्न आहे. आपल्या शब्दात ढीग आहे, रास आहे, 'तेजःपुंज'मधले तेजही आहे. अर्थ थोडा सरकला खरा, पण प्लांकच्या १९०० मधील कल्पनेला, म्हणजे ऊर्जा सलग न येता ठरावीक राशींनी येते या म्हणण्याला, तो शोभतो.

'स्पिन'साठी योजलेल्या 'परिवलन' शब्दाबद्दल मात्र माझे समाधान होत नाही. भूगोलात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला परिवलन म्हणतात. साहजिकच विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे गरगर फिरणारी गोटी येते. अर्थात दोष एकट्या मराठीचा नाही. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी गोटीचेच चित्र कल्पिले होते, आणि तसे असेल तर तिच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहून अधिक होईल, हे लोरेंट्झने दाखवून दिले. चित्र गेले, शब्द उरला. इंग्रजीतही आणि मराठीतही.

एस, पी, डी, एफ ही अक्षरे आपल्या परिभाषाकारांनी तशीच राहू दिली, हे बरे झाले. ती मूळची वर्णपटातील रेषामालिकांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे: तीक्ष्ण, मुख्य, विसरित, मूलभूत. क्वांटमचा जन्म होण्यापूर्वीच वर्णपट न्याहाळणाऱ्यांनी मालिकांना अशी नावे देण्यास आरंभ केला होता. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ज्या 'चार-एस'मध्ये जाऊन बसतो, त्यातला 'एस' त्या तीक्ष्ण रेषांचा आहे.