बर्फावरचे राखणदार

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. आज ज्या हॉकीविषयी बोलणार आहे ती मात्र गवतावरची नव्हे. कॅनडात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती बर्फावर खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची कठीण चकती. एका वेळी दोन्हीकडचे सहा-सहा गडी बर्फावर असतात, आणि खेळ इतका वेगवान, की मिनिटभराच्या आत ते बदलावे लागतात. या खेळात अनेक वर्षे असा एक गडी असे, की त्याने गोल करावा अशी कोणाचीच अपेक्षा नसे. त्याला पगार मिळे तो मारामारी करण्याचा. इंग्रजीत त्याला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. जुन्या काळी ‘पोलीसमन’ म्हणत. मी त्याला राखणदार म्हणेन, कारण निदान सांगण्यापुरते तरी त्याचे काम राखण करण्याचेच होते.

हाणामारी या खेळाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियल येथे व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये बंदिस्त जागेतला पहिला रीतसर सामना झाला. तो संपतासंपता मारामारी जुंपली, बाके मोडली आणि प्रेक्षक स्त्रिया घाबरून पळाल्या, असे त्या वेळच्या एका वृत्तपत्राने छापले होते. परंतु हाणामारी होणे वेगळे आणि तिचा धंदा होणे वेगळे. धंद्याला नियमाची चौकट लागते, आणि ती १९२२ साली मिळाली. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगने ठरविले, की ठोसेबाजी करणाऱ्यास सामन्यातून घालवून न देता पाच मिनिटे शिक्षेच्या बाकावर बसवावे. पुढे रूढ झालेली रीत अशी, की दोघे भांडले तर दोघेही बाकावर जातात, त्यांच्या जागी दुसरे दोघे येतात आणि कोणत्याच संघाचे बळ घटत नाही. फुटबॉलमध्ये ठोसा मारणारा बाहेर जातो व त्याचा संघ उरलेला सामना एक गडी कमी घेऊन खेळतो. तेथे ठोसा महाग पडतो. येथे तो स्वस्त झाला.

स्वस्त वस्तूचे उपयोग लवकर सापडतात. मॉन्ट्रियलच्या संघात ज्याँ बेलिव्हो हा मोठा कुशल खेळाडू होता, आणि कुशल खेळाडूला धक्के देऊन नामोहरम करणे हा विरोधकांचा जुना डाव. १९६३ साली त्या संघाने क्लीव्हलंड येथील दुय्यम लीगच्या संघातून जॉन फर्ग्युसन नावाचा गडी वर आणला. आपल्या पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन बारा सेकंद होतात न होतात तोच, तो बॉस्टनच्या टेड ग्रीनशी भिडला. त्याच सामन्यात त्याने दोन गोलही केले, हेही सांगितले पाहिजे. फर्ग्युसनला खेळ येत होता. त्याच्या मागून जे आले त्यांतील पुष्कळांना तो बेताचाच येत होता.

याचे कारण संख्येत आहे. १९६७ पर्यंत बड्या लीगमध्ये अवघे सहा संघ होते. त्या वर्षी ते एकदम बारा झाले, आणि १९७२ मध्ये एक प्रतिस्पर्धी लीगही उभी राहिली. जागा वाढल्या, कसब त्या प्रमाणात थोडेच वाढते! बड्या लीगच्या खाली दुय्यम लीगांची उतरंड होती. तुटपुंजा पगार, रात्र-रात्र बसचा प्रवास, आणि गिरण्या-कारखान्यांच्या गावांतील प्रेक्षागृहे. चकतीचा एखादा सुंदर पास ओळखायला जाणकार नजर लागते. ठोसा मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतो. मालकांना तिकिटे खपवायची होती. आणि ज्या वीस वर्षांच्या पोराचे पाय मंद होते पण खांदे रुंद होते, त्याला वर जाण्याची ही एकच शिडी दिसत होती.

मेनोनाइट या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची वस्ती असलेल्या सस्कॅचवनमधील वॉल्डहाइम गावी जन्मलेला डेव्ह शुल्त्झ याच शिडीने चढला. सेलम, क्वेबेक, रिचमंड अशा दुय्यम संघांतून तो फिलाडेल्फियाला पोहोचला. १९७४ आणि १९७५ साली त्या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला. १९७४-७५ च्या हंगामात शुल्त्झला झालेली शिक्षा ४७२ मिनिटांची होती. सामना साठ मिनिटांचा. म्हणजे जवळजवळ आठ संपूर्ण सामने हा माणूस बाकावर बसून होता. तो विक्रम आजवर मोडलेला नाही. लोकांनी त्याला ‘हातोडा’ हे नाव दिले होते. १९८१ साली त्याने आत्मचरित्र लिहिले, ते मात्र अभिमानाचे कमी आणि कबुलीजबाबाचे अधिक होते.

दुय्यम लीगचे खरे चित्र पाहायचे तर पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउनला जावे. हे पोलादाचे गाव. १८८९ च्या महापुरात येथे दोन हजारांहून अधिक माणसे बुडाली होती. १९७० नंतरच्या काळात येथील ‘जेट्स’ संघात मिनेसोटातून आलेले कार्लसन नावाचे तीन भाऊ खेळत. ते जाड भिंगांचे चष्मे लावीत आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडत. त्याच संघात नेड डाऊड नावाचा एक गडी होता. त्याची बहीण नॅन्सी लेखिका. तिने भावाकडून संघाच्या खोलीतले बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्यावरून चित्रपटाची कथा लिहिली. १९७७ साली पॉल न्यूमनला घेऊन ‘स्लॅप शॉट’ निघाला. गिरणी बंद पडते आहे, संघ विकायला काढला आहे, आणि मारामारी सुरू करताच प्रेक्षागृह भरू लागते, असे त्याचे सूत्र. लोक पोट धरधरून हसले. त्याच वर्षी जुलैत जॉन्सटाउनला पुन्हा पूर आला, पोलाद-कारखान्यांचे अतोनात नुकसान झाले, आणि जेट्स संघही संपला. चित्रपटातले गाव आणि खरे गाव एकाच वर्षात एकमेकांत मिसळून गेले.

राखणदारांचा एक अलिखित धर्म होता, तो सांगितल्यावाचून त्यांना न्याय मिळणार नाही. प्रतिपक्ष्याला आधी विचारायचे, हातमोजे टाकायचे, काठी वापरायची नाही, पडलेल्यावर हात उगारायचा नाही. डिसेंबर २००८ मध्ये ऑन्टॅरिओतील व्हिटबी संघाचा एकवीस वर्षांचा डॉन सँडरसन अशाच एका झुंजीत कोसळला. शिरस्त्राण निसटले होते, डोके बर्फावर आदळले. २ जानेवारी २००९ रोजी तो वारला. त्यानंतर झुंजीसाठी शिरस्त्राण काढण्यावर एकेका लीगने बंधने घातली. २०१३ मध्ये बड्या लीगनेही स्वतःचे शिरस्त्राण काढणाऱ्यास शिक्षा ठेवली. त्या सप्टेंबरात सरावाच्या एका सामन्यात दोन राखणदार समोरासमोर आले. स्वतःचे काढले तर शिक्षा, म्हणून त्यांनी हलक्या हाताने एकमेकांची शिरस्त्राणे काढली, बाजूला ठेवली आणि मग ठोसे सुरू केले. या प्रसंगाला हसावे की काय करावे, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

शिक्षकाच्या नजरेला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर एक दांडगा मुलगा असतो. अभ्यासात मागे, मनाने बहुधा मऊ. आम्ही त्याला ‘जरा बाकीच्यांवर लक्ष ठेव’ म्हणतो आणि त्याचा चेहरा उजळतो. मीही हे केले आहे. आपले काम त्याने निभावले यापलीकडे, त्या मुलाचे त्यातून काय झाले, हे मात्र कधी वळून पाहिले नाही.

डेरेक बूगार्ड असाच मुलगा होता. सस्कॅटूनला जन्मला, बाप पोलिसात. शरीर थोराड, स्केटिंग बेताचे. सोळा वर्षांच्या आसपास एका सामन्यात तो चिडून प्रतिपक्षाच्या बाकावर घुसला आणि ठोसे मारीत सुटला. हेरायला आलेल्या माणसांनी त्याचे नाव टिपून घेतले ते तेव्हा. पुढे लुइझियाना, मग ह्यूस्टन असे दुय्यम संघ पार करीत २००५ मध्ये तो मिनेसोटाच्या बड्या संघात आला. तेथे व नंतर न्यूयॉर्कला मिळून २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. २००७ साली रेजायना येथे त्याने भावाबरोबर मुलांसाठी शिबिर घेतले; विषय होता झुंजीत स्वतःला कसे सांभाळावे. हाताची आणि पाठीची दुखणी गोळ्यांवर निभावली जात होती. डिसेंबर २०१० मधल्या झुंजीनंतर तो बर्फावर परतला नाही. १३ मे २०११ रोजी मद्य आणि वेदनाशामक औषध यांच्या एकत्र परिणामाने तो मेला. वय अठ्ठावीस. कुटुंबाने त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला, आणि डोक्यावरच्या वारंवार आघातांनी जडणारा मेंदूचा क्षय त्यात आढळला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन राखणदार गेले.

दुय्यम लीगांनी मग हळूहळू दारे लावली. अमेरिकन हॉकी लीगने २०१६ मध्ये नियम केला, की हंगामातील दहाव्या झुंजीला एका सामन्याची बंदी. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगने २०२३ मध्ये झुंजणाऱ्यास सामन्यातूनच घालविण्याचे ठरविले, म्हणजे १९२२ च्या मागे जाऊन पोहोचली. बड्या लीगवर माजी खेळाडूंनी मेंदूच्या इजांबद्दल दावा लावला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांवर तडजोड झाली, आणि लीगने कोणताही दोष पत्करला नाही. तो दावा नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेल्यांचा होता. ज्यांचे सारे आयुष्य जॉन्सटाउनसारख्या गावांतच ठोसे देण्या-घेण्यात गेले, त्यांची नावे त्यात असण्याचे कारणच नव्हते.