ओपिऑइड व्यसनोपचार केंद्रांचे प्रमाणन (अमेरिका)

हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या ओपिऑइड द्रव्यांच्या व्यसनावर मेथाडोन देऊन उपचार करणाऱ्या केंद्रांना अमेरिकेत घ्यावी लागणारी संघीय मान्यता. तिचे नियम संघीय नियमसंहितेच्या ४२ व्या शीर्षकातील भाग ८ मध्ये आहेत. वेदनाशामक म्हणून लिहून दिलेले मेथाडोन तेथील औषधाच्या दुकानात मिळते. व्यसनोपचारासाठी मात्र रुग्णाला सहसा अशा केंद्रातच जावे लागते.

पार्श्वभूमी : व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत या उपचाराचा पाया घातला. १९७२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने त्याचे नियम केले. २००१ मध्ये देखरेख ‘सॅमसा’ या आरोग्य विभागाच्या संस्थेकडे आली आणि उपचाराच्या दर्जाचे मूल्यमापन सक्तीचे झाले.

अटी : केंद्राला मान्यताप्राप्त संस्थेची अधिस्वीकृती, सॅमसाचे प्रमाणपत्र, अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाकडील नोंदणी आणि राज्याची परवानगी लागते. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. वैद्यकीय संचालक डॉक्टर असावा लागतो. रुग्णाची शारीरिक तपासणी, समुपदेशनाची सोय, वर्षाला किमान आठ अमली पदार्थ चाचण्या आणि औषध बाहेर विकले जाऊ नये यासाठी लेखी योजना, हे सारे बंधनकारक आहे.

घरी न्यायचे डोस : औषध बाहेर जाऊ नये म्हणून रुग्णाने रोज खिडकीशी उभे राहून, परिचारिकेसमोर औषध प्यायचे, अशी जुनी पद्धत. पहिल्या ९० दिवसांत आठवड्याला एकच डोस घरी नेता येई. नोकरी आणि मुलेबाळे सांभाळणाऱ्यांना हे फार जड जाई. कोविडकाळात दिलेली जास्त डोस घरी नेण्याची सवलत २०२४ च्या नियमांनी कायम केली. आता डॉक्टरांना योग्य वाटल्यास पहिल्या १४ दिवसांत ७ दिवसांचे, १५ व्या दिवसापासून १४ दिवसांचे आणि ३१ व्या दिवसापासून २८ दिवसांचे डोस देता येतात. व्यसन वर्षभर जुने असण्याची अट गेली. समुपदेशन नाकारले म्हणून औषध रोखता येत नाही.

मूल्यमापन : मेथाडोन नियमित घेणाऱ्याचा अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोका बराच घटतो, उपचार सुटला की तो पुन्हा वाढतो. म्हणून रुग्ण उपचारात किती टिकतो, हीच या नियमांची खरी कसोटी ठरते.