औद्योगिक आरोग्य व सुरक्षा सल्ला : नेवासा तालुका

औद्योगिक आरोग्य व सुरक्षा सल्ला : कामाच्या जागेतील धूळ, वायू, आवाज, उष्णता आणि यंत्रे यांपासून कामगाराला असलेला धोका ओळखणे, तो मोजणे, त्यावर उपाय सुचवणे आणि कारखाना कायद्याच्या कसोटीला उतरतो की नाही हे तपासणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुका ज्ञानेश्वरीच्या रचनेसाठी सर्वत्र ओळखला जातो. त्याचे औद्योगिक जीवन मात्र उसावर उभे आहे. भेंडे येथील लोकनेते मारुतराव घुले पाटील ज्ञानेश्वर सहकारी साखर कारखाना आणि सोनई येथील मुळा सहकारी साखर कारखाना हे तालुक्यातील मोठे उद्योग होत. साहजिकच येथे हा विषय मुख्यतः साखर कारखाना आणि त्याला जोडलेल्या प्रकल्पांच्या संदर्भात येतो.

कायदा : कारखाने अधिनियम, १९४८ आणि महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ हा या कामाचा दीर्घकाळ आधार राहिला. राज्यात अंमलबजावणी कामगार विभागाच्या अखत्यारीतील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. बाष्पकांची तपासणी वेगळ्या संचालनालयाकडे आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरील प्रकरण ४-अ आले. त्यासोबतच्या पहिल्या अनुसूचीत आसवन्या (डिस्टिलरी) आणि वीजनिर्मिती यांची नावे होती, साखर उत्पादनाचे नव्हते. त्यामुळे एकाच आवारात साखर विभागाला एक मापदंड आणि शेजारच्या डिस्टिलरीला अधिक कडक मापदंड लागू झाला. शेजारच्या शेवगाव तालुक्यात गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला फेब्रुवारी २०२३ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीने या जोडप्रकल्पांतील जोखीम ठळकपणे पुढे आणली. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन हजार कामगारांपासून होते. संहितेने ते ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० वर आणले.

हंगामातील धोके : गव्हाणीत ऊस पडतो तेथपासून कटर, मिल आणि टर्बाइन यांचा आवाज सुरू होतो. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा अधिसूचित रोग असून तो आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे. रस स्वच्छ करताना चुन्याचे दुधाळ पाणी आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड वापरतात. या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दशलक्ष भागांत २ भाग, तर अल्पकाळासाठी ५ भाग आहे. बॉयलर आणि पॅन विभागात उष्णतेचा ताण मुख्य असतो.

बगॅस : ताज्या बगॅसमध्ये, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्यात, निम्मे पाणी असते आणि तिच्यापासून फारसा त्रास होत नाही. ढीग महिनोन्‌महिने साठला, आतून तापला आणि वाळला की त्यात उष्णताप्रिय सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात गेल्याने ‘बगॅसोसिस’ हा रोग होतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातून १९४१ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप सुरू होते. त्यामुळे साधा फ्लू किंवा क्षय समजून उपचार होण्याचा संभव असतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या रोगाचा समावेश होता. डॉक्टरने ‘काम काय करता?’ एवढे विचारले, तरी निदानाची दिशा सापडते.

बंद हंगामातील धोके : गाळप थांबल्यावर दुरुस्तीची कामे निघतात आणि माणसे टाक्यांत उतरतात. मळीच्या टाकीत आंबण्यामुळे कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीतील सांडपाण्याच्या) खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून वासावर विसंबणे घातक ठरते. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ नुसार आतली हवा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनसाधन, पट्टा व बाहेर दुसऱ्याच्या हाती असलेला दोर यांशिवाय आत उतरता येत नसे. कलम ३६-अ प्रमाणे आत नेण्याचा विजेचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा चालत नसे. बेशुद्ध पडलेल्याला काढायला सहकारी तसाच उतरला, तर एकाचे दोन बळी होतात. म्हणून बचावाची तयारी टाकीप्रवेशाच्या परवान्याचाच भाग मानली जाते.

मोजमाप व उपाय : कामगाराच्या कमरेला लहान पंप आणि कॉलरजवळ गाळणी लावून पाळीभर हवा खेचली जाते, गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन, खेचलेली हवा आणि वेळ यांवरून धुळीची सरासरी काढतात. खोलीच्या कोपऱ्यात घेतलेले माप त्याला पर्याय ठरत नाही, कारण ढिगाजवळ फावडे चालवणाऱ्याच्या नाकाशी असलेली धूळ त्यात उतरत नाही. मोजणीची वेळही महत्त्वाची असते. आवाज व गंधकवायू पूर्ण गाळपात मोजावे लागतात, तर टाकीप्रवेशाची पद्धत बंद हंगामात पाहावी लागते. वर्षातून एकाच भेटीत लिहिलेला अहवाल यांपैकी एका बाजूला आंधळा राहतो. उपाय सुचवताना क्रम ठरलेला आहे : आधी पट्टे झाकणे, बगॅस ओलसर ठेवणे, जुना साठा आधी वापरणे, गंधकभट्टीची गळती बंद करणे, मग पाळ्यांची फेरआखणी, आणि शेवटी मास्क व कर्णरक्षक. सुरक्षा लेखापरीक्षणासाठी आयएस १४४८९ हे भारतीय मानक वापरतात.

संस्था व मर्यादा : मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडून प्रशिक्षण व तांत्रिक माहिती मिळते. या व्यवस्थेची व्याप्ती कारखान्याच्या फाटकापर्यंत असते. मुकादमाच्या टोळीतून आलेला ऊसतोड मजूर शेतात काम करतो, म्हणून कारखान्यासाठी ठरलेली धुळीची मोजणी आणि वैद्यकीय तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्यासाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे स्वतंत्र कल्याण महामंडळ स्थापन केले आहे.