१४. वाळूपेटी
१४. वाळूपेटी : विजेच्या इंजिनाच्या चाकापुढे रुळावर वाळू सोडणारी पेटी. ओल्या रुळावर चाक जागीच फिरू लागले की चालक कळ दाबतो आणि दाबाखालची हवा नळीतून वाळू ढकलते. विजेची इंजिने आता कोकणातही धावतात : कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. तिथल्या पावसात वाळूचे गोळे होऊन नळी तुंबते, झाकणाचे रबर झिजून पाणी शिरते, नळीचे तोंड वाकले तर वाळू रुळाबाहेर सांडते. एवढ्याशा नळीपायी चढावर अख्खी गाडी अडू शकते. म्हणून वाळू चाळून, पुरती वाळवूनच भरावी लागते. शिवाय कुठलीही वाळू चालत नाही. भाट्ये हे रत्नागिरीच्या दक्षिणेस काजळी नदीच्या मुखावरचे गाव. तिथल्या पुळणीची वाळू या कामाची नाही : तिच्यातले मीठ ओल धरते आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे चाकाखाली पीठ होते.