मिल्किंग मशीनचा पंप बिघडला तर झळ गाईच्या सडाला. रोज काय तपासाल?

आठ-दहा संकरित गाई असलेल्या अनेक गोठ्यांत आता मिल्किंग मशीन आलं आहे. धारेला माणूस मिळत नाही, वेळ वाचतो, म्हणून मशीन घेतलं जातं. पण रोजची धुलाई होते ती कॅनची आणि कपांची. कोपऱ्यात बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाकडे तो बंद पडेपर्यंत कोणी बघत नाही. खरं तर बंद पडलेला पंप परवडला, कारण तो लगेच कळतो. अर्धवट चालणारा पंप मात्र गाईची कास खराब करतो आणि कळतं ते दूध घटल्यावर.

पंप नेमकं काय करतो?

पंप दूध थेट ओढत नाही. तो पाइपातली हवा काढून घेतो आणि आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो. त्या फरकामुळे सडाचं तोंड उघडतं आणि दूध येतं. बहुतेक पंपांच्या आत एक फिरता रोटर असतो आणि त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या असतात. या पट्ट्या तेलाच्या थरावर घासत हवा बाहेर ढकलतात. म्हणून तेल हा या पंपाचा जीव आहे. सडाला सतत ओढ बसू नये म्हणून पल्सेटर मिनिटाला साधारण 60 वेळा रबरी लायनर उघड-बंद करतो.

गेजवरचा आकडा

गाईंसाठी व्हॅक्यूम साधारण 42 ते 50 किलोपास्कल ठेवतात. गेज मिलिमीटरचं असेल तर हे 315 ते 375 होतात. मशीनच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण मानावा. म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं, त्यामुळे तिच्यासाठीचा आकडा वेगळा असू शकतो.

व्हॅक्यूम कमी पडला तर धार लांबते, कप निसटतात आणि निसटताना हवेसोबत घाण सडात जाते. जास्त झाला तर सडाचं टोक सुजतं, निळसर पडतं, टोकाभोवती कडक कडं तयार होतं. दोन्हीकडून वाट स्तनदाहाकडे, म्हणजे दगडीकडे जाते. उपचाराला उशीर झाला तर सड कायमचा निकामी होतो. धार लवकर आटपावी म्हणून रेग्युलेटर आवळून व्हॅक्यूम वाढवणं म्हणूनच महागात पडतं.

धारेआधी पाच मिनिटं

- तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, बघा. काही पंपांत तेल थेंबाथेंबाने खर्च होतं, त्यांची तेलाची बाटली रोज पाहावी लागते.
- पंप सुरू करून गेजचा काटा ठरलेल्या आकड्यावर येऊन स्थिर राहतो का, पाहा. काटा नाचत असेल तर कुठे तरी हवा शिरते आहे किंवा रेग्युलेटर घाण झाला आहे.
- कप लावल्यावरही रेग्युलेटरमधून हवेचा सूं-सूं आवाज यायला हवा. आवाज थांबला तर पंपाकडे राखीव ताकद उरलेली नाही किंवा रेग्युलेटर अडकला आहे.
- लाइनवरचं ट्रॅपचं भांडं रिकामं आहे का, बघा. दूध किंवा धुण्याचं पाणी पंपात जाऊ नये म्हणूनच ते असतं.

धार संपल्यावर आधी व्हॅक्यूम बंद करा, क्षणभर थांबा, मग कप काढा. चालू व्हॅक्यूमवर कप ओढला की सडाला इजा होते.

तेल, पट्टा आणि वीज

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. ट्रॅक्टरचं काढलेलं जुनं तेल चालवू नका. त्यातली काजळी आणि धातूचा कीस पट्ट्या झिजवतो. जिथे तेच तेल आत फिरतं, तिथे ते दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं आहे आणि काळं पडलं तर बदलायची वेळ झाली आहे, असं समजा. धूर जाणारा पाइप गोठ्याबाहेर काढा, पण बारीक पाइप जोडू नका. त्याने पंप तापतो.

पट्टा बोटाने दाबल्यावर एक-दीड सेंटिमीटर दबावा. हे पंप बंद करूनच तपासा. पट्ट्यावरची जाळी काढून पंप चालवू नका. पदर किंवा ओढणी त्यात अडकते.

थ्री-फेज मोटर असेल आणि लाइनचं काम झाल्यावर फेज उलटी झाली, तर पंप उलटा फिरतो आणि व्हॅक्यूम धरत नाही. पंपावरच्या बाणाची दिशा जुळवून पाहा आणि जुळत नसेल तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. व्होल्टेज कमी असेल तेव्हा पंप मंद फिरतो, अशा वेळी एक युनिट कमी लावा. पंपात दूध किंवा पाणी गेलंच तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, मेकॅनिक बोलवा.

लायनरचा हिशेब

लायनर साधारण 2500 धारांनंतर किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलतात. दहा गाई, एक युनिट आणि दोन वेळची धार धरली तर रोजच्या 20 धारा होतात. म्हणजे लायनर सव्वाशे दिवसांतच बदलायला येतं. फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर त्याआधीच बदला.

पंपाशेजारी एक वही टांगून ठेवा. तेल कधी बदललं, लायनर कधी घातलं, गेजचा रोजचा आकडा किती, एवढंच लिहा. वर्षातून एकदा मेकॅनिककडून दुसरं गेज लावून आपलं गेज तपासून घ्या. गेजच चुकीचं असेल तर वहीतल्या आकड्यांचा काही उपयोग नाही.