एक पौंड ज्वारी

तर झालं असं, की ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये डॉक्टरांनी पोटाचा घेर मोजला आणि ‘वजन कमी करा’ म्हणून सांगितलं. अंडी-मांस घरात कधी नव्हतंच. दूध-दहीही सोडून बघावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. म्हटलं, दोन्ही एकदमच करू. शेवटी मी पडलो सॉफ्टवेअरवाला! मोबाईलवर अ‍ॅप टाकलं, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. अ‍ॅपने सांगितलं : रोज १५०० कॅलरी.

त्याच आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाणं झालं. गाव आष्टी तालुक्यात. काटा अर्थातच बरोबर होता. मी भाकरी काट्यावर ठेवली, तशी ऐंशी पार केलेली आमची आजी म्हणाली, “भाकर जोखून खातूस व्हय रं? आमाला बी जोखूनच मिळायचं. बहात्तरला.”

एवढं बोलून ती चुलीकडे वळली. मी मात्र अडकलो. धान्य जोखून माणसाला किती पुरतं, हा हिशोब आपल्याकडे पहिल्यांदा कोणी केला असेल? पुण्याला परतल्यावर दोन वीकएंड त्यातच गेले.

फार मागे जावं लागत नाही. १८७६ ते ७८ चा महादुष्काळ. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला खर्चावर नजर ठेवायला दक्षिणेत पाठवलं. १८७७ च्या जानेवारीत टेंपलने ठरवलं, की दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हा हुकूम आमच्या गावाला लागू नव्हता. पण आष्टीच्या शिवेला लागून असलेला नगर जिल्हा (आताचं अहिल्यानगर) इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. पाऊस दोन्हीकडे सारखाच रुसलेला.

आता गणित बघा. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीत ३३५ च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे झाल्या १५००! माझ्या अ‍ॅपचा आणि टेंपलसाहेबाचा आकडा एकच निघाला. फरक इतकाच, की मी दिवसभर एसीत खुर्चीवर बसतो आणि ती माणसं उन्हात खडी फोडत होती. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या रेशनच्या विरोधात कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली.

पण मला जास्त भावला तो मद्रासचा सॅनिटरी कमिशनर, डॉ. कॉर्निश. त्याचं म्हणणं होतं की एक नाही, दीड पौंड धान्य द्या. आणि नुसतं धान्य नको, डाळ आणि भाजीही द्या. १८७७ मध्येच मद्रास सरकार अर्ध्या वाटेवर आलं : सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस, म्हणजे चाळीसेक ग्रॅम, डाळ. ‘कॅलरी’ हा शब्द तेव्हा आहाराच्या बाबतीत कोणी वापरतही नव्हतं. तरी पोट भरणं आणि शरीर टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या माणसाला दिसलं होतं.

नुसत्या धान्याने काय होतं, त्याचा पुढचा धडा हैदराबादेत मिळाला. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोकं बिघडतं. मुळात ही नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि त्याचा याच्याशी संबंध असावा. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण ताटात एकच पदार्थ असणं धोक्याचं, हे पक्कं झालं. आमची भाकरी वाईट नाही हो, तिला एकटं सोडणं वाईट. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. पिठलं-भाकरी ही जोडी शास्त्राच्या आधीच जमलेली होती.

मग आलं आजीचं बहात्तर. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात अजूनही नुसत्या सालानेच ओळखला जातो. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. आजी सांगते, पगार आठवड्याला, परदेशी लाल मिलो ज्वारी रेशनवर, आणि कामावर सुकडी. जनावरं विकली, त्यामुळे ताक गेलं. म्हणजे तीही व्हीगनच झाली होती म्हणायची. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे, त्याच सुमारास दोन मराठी माणसं हाच हिशोब मांडत होती. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २२५० कॅलरी धरून भारतातली गरिबी मोजली. दुसरे पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ. जगभर तेव्हा ‘प्रोटीनची टंचाई’ हा परवलीचा शब्द होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर अहवालच काढला. सुखात्मे म्हणाले, आपल्याकडची माणसं प्रोटीनला मुकतात ती मुख्यतः पोटभर जेवायला मिळत नाही म्हणून. नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रोटीन त्यातूनच भागतं. जेवण अपुरं पडलं, की शरीर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळून टाकतं. गरजेच्या आकड्यावरून पुढे सुखात्मे आणि दांडेकरांचं चांगलंच वाजलं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

इथे माझी ट्यूब पेटली. सुखात्म्यांचं वाक्य उलटं करून बघा. पोटभर खाणाऱ्याचं प्रोटीन आपोआप भागतं. मग मुद्दाम कमी खाणाऱ्याचं? नाही भागत! डाएट करणारा माणूस म्हणजे हौसेने अर्धपोटी राहणारा माणूस. त्याने ताट नुसतं निम्मं केलं, तर प्रोटीनही निम्मं होतं, आणि शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. काटा खाली येतो, आपण खूश. अ‍ॅपवर हिरवी खूण.

आणि काटा किती फसवा असतो, हे पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून तुपाळ असतो. त्यामुळे आपल्याला स्नायू गमावणं तर अजिबातच परवडणारं नाही.

मग मी ताट निम्मं करायच्या ऐवजी नव्याने मांडलं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी आणि ५४ ग्रॅम प्रोटीन लागतं. कॅलरी १५०० वर आणायच्या, पण प्रोटीन ५४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढीच अट ठेवली. दिवसभरात ज्वारी-बाजरीचं पीठ २०० ग्रॅम, डाळ किंवा बेसन १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, तीळ १५ ग्रॅम, तेल दोन चमचे, तांदुळजा-मेथी-शेपू वगैरे भाज्या पाव किलोच्या वर, एखादं फळ. बेरीज १५०० च्या आसपास आणि प्रोटीन ५५ च्या. कापली ती भाकरी आणि तेल. वाढवली ती डाळ. दुधातलं कॅल्शियम गेलं, त्यासाठी तीळ आणि पालेभाज्या. बी-१२ मात्र वनस्पतींमधून भरवशाचं मिळत नाही. तिथे परंपरेचा अभिमान बाळगून उपयोग नाही, डॉक्टरांना विचारून सरळ गोळी घ्यायची. (शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर हे सगळंच विचारून करा.)

गेल्या महिन्यात परत गावी गेलो. काटा नेला नाही. आजीने दोन भाकरी वाढल्या. मी एकच घेतली आणि पिठलं दोनदा मागितलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बहात्तरला आमी बी पिठलंच मागत हुतो. भाकर द्याचे, पिठलं कुटलं!”

कॉर्निशसाहेबाचा मुद्दा तिला कधीच कळला होता. मला अ‍ॅप लागलं. असो.