कॅन्सरचं ऑपरेशन : पेशंटसोबत राहणाऱ्यानं काय करायचं, काय टाळायचं

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पैसे कुठून आणायचे आणि दवाखान्यात सोबत कोण राहायचं. पैशाची चर्चा रात्रभर चालते. दुसऱ्याचं उत्तर मात्र "ज्याला सवड असेल तो राहील" असं पाच मिनिटांत निघतं. खरं तर या प्रश्नाला जास्त वेळ द्यायला हवा. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राऊंडला येतात, सिस्टरकडं एका वेळी अनेक पेशंट असतात. उरलेला सगळा वेळ पेशंटजवळ घरचं माणूस असतं. ऑपरेशननंतरचा न्यूमोनिया, पायात धरणारी रक्ताची गाठ, नळीतलं दूध फुफ्फुसात जाणं, यातलं बरंच काही जवळच्या माणसानं लक्ष ठेवलं तर टळतं, नाहीतर निदान वेळेत कळतं.

आपल्या जिल्ह्यातले पेशंट सीपीआर, गोकुळ शिरगावचं कोल्हापूर कॅन्सर सेंटर, मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय किंवा मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल असे वेगवेगळ्या ठिकाणी जातात. चंदगडकडच्या लोकांना बेळगाव जवळ पडतं. दवाखाना कुठलाही असला तरी सोबत्याचं काम तेच असतं.

सोबतीला कोण?

दोन माणसं ठरवा, आलटून-पालटून राहतील अशी. रोज नवा माणूस पाठवू नका. आदल्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितलं हे नव्याला माहीत नसतं आणि पेशंटलाच सगळं सांगत बसावं लागतं. पेशंट बाई असेल तर एक तरी बाई माणूस सोबत हवं. लघवी, अंग पुसणं, कपडे बदलणं यात ती सुनेला किंवा लेकीला सांगेल, भाच्याला सांगणार नाही.

एक वही करा. डॉक्टरांनी काय सांगितलं, कुठलं औषध कधी दिलं, ताप किती, नळीतून पाणी किती आलं, आपल्याला काय विचारायचंय, सगळं त्यात. पाळी बदलताना वही पुढच्याच्या हातात द्यायची.

घरची व्यवस्थाही आधी लावा. म्हशीची धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, उसाला पाणी कोण पाजणार, हे ठरलेलं नसलं तर पेशंटचा जीव कॉटवर पडूनही गोठ्यातच राहतो. शेजाऱ्याशी पैरा असेल तर तो अशाच वेळी कामाला येतो.

कागदपत्रं आधी, भरती नंतर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया यात बसतात. आधी पैसे भरून नंतर परत मागायची ही योजना नाही. ठरलेल्या ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून भरती व्हायच्या आधीच योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर तेही, आणि सगळे रिपोर्ट जवळ ठेवा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते घरीच बघा. तारखेच्या दिवशी नावातल्या फरकामुळं अडकण्यापेक्षा आधी दुरुस्त केलेलं बरं. योजनेचा हेल्पलाईन नंबर १५५३८८ आहे.

मुंबईला जाणार असाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस दादरला थांबते, तिथून परळ जवळ. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागा आहेत. पण जागा मिळेलच असं धरून निघू नका. आधी विचारा, आणि टाटामधल्या समाजसेवा विभागालाही भेटा.

"चाकू लागला की पसरतो"

ही गोष्ट गावात कोणीतरी सांगतंच, तीही नेमकी तारखेच्या आदल्या आठवड्यात. ती खरी नाही. गाठ आणि तिच्या कडेचा थोडा चांगला भाग मिळून काढायचा, हाच या ऑपरेशनचा हेतू असतो. ज्यांचा आजार आधीच पसरलेला असतो त्यांचा पुढं वाढतो आणि दोष चाकूला जातो. शरद पवार यांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं. त्यानंतर वीस वर्षं ते राज्यभर सभा घेत फिरले, हे सगळ्यांनी पाहिलंय.

पेशंटपासून आजार लपवू नका. संमतीपत्रावर सही त्याची असते. काय होणार, किती दिवस बोलता येणार नाही, कुठं नळी असणार हे माहीत असलं तर जाग आल्यावर माणूस कमी घाबरतो.

आधीच्या दिवसांत

तंबाखू, मावा, गुटखा, बिडी बंद. बायकांची मिसरीसुद्धा. तंबाखूनं जखम उशिरा भरते आणि बिडी-सिगारेटनं छातीत कफ वाढतो.

रोजच्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या खास करून. कुठली बंद करायची, कुठली चालू ठेवायची हे तेच सांगतील. वैदूचं किंवा झाडपाल्याचं औषध घेत असाल तर तेही सांगा, लाजू नका.

उपाशी राहायला सांगितलेल्या वेळेत दुधाचा चहासुद्धा चालत नाही. पोटात काही असेल तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. "एक घोट घेतला तर काय होतंय" म्हणून देऊ नका. घेतला असेल तर लपवू नका.

मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या आणि कवळी काढावी लागते. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, धातूमुळं भाजण्याची भीती असते. शिवाय अंग सुजलं की अंगठी रुतते. हे घरीच समजावून सांगा. थिएटरच्या दारात ऐनवेळी सिस्टरनं मंगळसूत्र काढायला सांगितलं की बाईमाणूस हादरतं. काढलेलं घरच्या एकाच माणसाकडं द्यायचं.

घशाला नळी बसणार असेल तर खुणा आधीच ठरवा. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे दुखतंय, मूठ म्हणजे श्वास अडतोय. लिहिता येत असेल तर पाटी किंवा वही जवळ ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी

आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंतचा वेळ हा सगळा ऑपरेशनचा नसतो. भूल द्यायला आणि उतरायलाही वेळ जातो. जबडा किंवा जीभ काढून दुसरीकडची कातडी-मांस लावायचं असेल तर आठ-दहा तासही लागतात. उशीर झाला म्हणजे काही वाईट झालं असं नसतं. थिएटरजवळ एकजण थांबायचंच, फोन चार्ज ठेवायचा. रक्त आणायला किंवा सही करायला हाक येऊ शकते.

पहिले चार दिवस

श्वास : चेंडू वर जाणारं प्लास्टिकचं यंत्र देतात. त्यात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची. जागेपणी दर तासाला दहा वेळा, नाहीतर डॉक्टर सांगतील तसं. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. कफ आत साठून राहिला की न्यूमोनिया होतो.

चालणं : "हलू नको, टाके तुटतील" असं म्हणत पेशंटला झोपवून ठेवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की बसवायचं, उभं करायचं, चालवायचं. पहिल्यांदा उठवताना सिस्टर जवळ हवी, चक्कर येते. झोपून राहिलं की पायात रक्ताची गाठ धरते.

दुखणं : सहन करण्यात मोठेपणा नाही. दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. दुखतंय हे सिस्टरला सांगा. या दिवसांत डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची सवय लागेल म्हणून घाबरू नका.

नळ्या : जखमेची नळी ओढली जाऊ नये म्हणून कपड्याला अडकवा, तिची पिशवी जखमेच्या खाली ठेवा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. किती भरली, रंग कसा, वहीत लिहा.

हात : पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणानं धुवा. जखमेला हळद, राख, अंगारा काही लावू नका. अंगारा लावायचाच असेल तर कपाळाला लावा.

तोंडाचं ऑपरेशन असेल तर

डॉक्टर सांगेपर्यंत तोंडातून पाण्याचा थेंबही नाही. खाणं नाकातल्या नळीतून. नळी जागेवर आहे हे सिस्टरनं बघितल्याशिवाय काही सोडू नका. पेशंटला टेकून बसवायचं, हळूहळू सोडायचं, शेवटी पाणी सोडून नळी साफ करायची आणि नंतर अर्धा-एक तास बसवूनच ठेवायचं. मध्येच ठसका लागला किंवा श्वास अडला तर लगेच थांबा. दूध, गाळलेली डाळ, पेज, नाचणीची आंबील, अंडं यातलं काय, किती आणि कधी हे आहारतज्ज्ञ सांगतील. पांढऱ्या रश्श्याची आठवण पेशंटला येणारच, त्याला अजून वेळ आहे.

स्तनाचं ऑपरेशन असेल तर

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला इंजेक्शन, सलाईन आणि बीपीचा पट्टा शक्यतो नको. नवीन सिस्टर आली की आठवण करून द्या. बोटं आणि कोपर हलवायला लवकर सुरू करायचं, खांद्याचा व्यायाम सांगतील तसा. हात गळ्यात बांधून ठेवला तर खांदा आखडतो. बाईला आरशात बघायला धीर लागतो. नवऱ्यानं त्या वेळी जवळ असावं आणि नजर चोरू नये.

रात्री बरळायला लागले तर

वयस्कर पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणसं ओळखेनासे होतात, नळ्या ओढतात, "मला घरला न्या" म्हणून भांडतात. हे बाहेरचं काही नसतं. भूल, ताप, दुखणं, कमी झोप, अंगातलं मीठ कमी होणं यानं मेंदू गोंधळतो. सिस्टरला लगेच सांगा. चष्मा घाला, ओळखीच्या आवाजात कुठं आहोत, कुठला वार आहे ते सांगा. "आण्णा, मी इथंच आहे, आपण दवाखान्यात आहोत," एवढंही उपयोगी पडतं. कारण सापडलं आणि उपचार झाले की बहुतेकजण काही दिवसांत ठीक होतात.

राऊंडची वाट न बघता लगेच सांगा

- श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं
- टाक्यांतून रक्त वाहणं किंवा नळीची पिशवी लाल रक्तानं भराभर भरणं
- घशाच्या नळीतून घरघर, नळी अडकल्यासारखी वाटणं
- लावलेल्या मांसाचा रंग काळा-निळा किंवा पांढराफटक होणं
- १००.४ पेक्षा जास्त ताप, थंडी वाजणं
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
- पोट फुगणं, सारखी उलटी, लघवी कमी होणं
- हाक मारल्यावर नीट जागं न होणं

भेटायला येणारे

गाडी भरून माणसं येतात ती प्रेमानंच. पण पेशंटला झोप हवी असते आणि सर्दी-खोकल्याचा एक पाहुणा पुरेसा होतो. रोज संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं खबर टाकायची. "आत्ता येऊ नका, घरी आल्यावर या" हे घरातल्या मोठ्या माणसानं सांगितलं तर कुणाला राग येत नाही. ज्यांना मदत करायची आहे त्यांना रक्त द्यायला, डबा द्यायला किंवा गावाकडं धार काढायला सांगा. सोबत्यानंही वेळेवर जेवायचं आणि झोपायचं. दोन-तीन दिवसांनी पाळी बदलायची.

घरी आलो म्हणजे संपलं नाही

सगळ्यात मोठी गफलत इथं होते. टाके सुकतात, पेशंट हिंडू-फिरू लागतो, आणि मंडळी पुढच्या तारखेला जात नाहीत. काढलेली गाठ तपासायला गेलेली असते. तिचा रिपोर्ट साधारण आठ-पंधरा दिवसांनी येतो आणि रेडिएशन किंवा केमो लागणार की नाही हे त्यावर ठरतं. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ऊसतोड झाल्यावर बघू, जत्रा झाल्यावर बघू म्हणत हे दिवस गेले तर ऑपरेशनचा फायदा कमी होतो.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पाच गोष्टी विचारून वहीत लिहा. रिपोर्ट कधी आणि कुठं मिळणार? पुढची तारीख कोणती? टाके आणि नळी कधी काढणार? काय खायचं, कुठली औषधं किती दिवस? रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. श्वास अडणं किंवा रक्तस्राव असं काही झालं तर १०८ ला फोन करा.

आणि रिपोर्ट आणायला कोण जाणार, त्याचं नाव त्याच दिवशी वहीत लिहून टाका.